बोट उचलल्यावर वाजणारी बेल

आमच्या समोरच्या परागची बेल दाबून वाजत नाही. त्याने बटण काढून काचेची पट्टी बसवलीय. बोट टेकवलं की लाल दिवा लागतो, उचललं की बेल वाजते. दूधवाला बोट टेकवून उभा राहतो, शिव्या घालतो, कंटाळून हात काढतो, तेव्हा आत टिंगटाँग.

मी विचारलं, हा काय येडेपणा? म्हणाला, "काका, ऐन वेळी माणसाचं मन बदललं तर? बोट कडेला सरकवायचं. दिवा विझतो, कोणाला कळत नाही."

चाळिशीचा, एकटा. मोबाईलमधली बटणं बनवतो. मी चौथी पास, रंगाच्या कंपनीत जन्म काढलेला. मला वाटलेलं कारखाना असेल. कसला कारखाना! बोटाखाली बटण जरासं दबल्यासारखं दिसावं म्हणून हा दिवसभर घरी काच दाबत बसतो. मानपाड्याच्या बाजारात टोमॅटोही तसेच दाबतो. भाजीवाली म्हणते, घे नाहीतर सोड. हा म्हणतो, "मावशी, नुसतं टेकलंय. अजून घेतलं नाही."

माझी बायको मंदा गेली. फोनमध्ये तिचा आवाज तेवढा राहिला. बहिणीकडे विठ्ठलवाडीला गेलेली तेव्हा पाठवलेला. तो ऐकायला जावं तर माझं जड बोट काचेवर रेंगाळायचं, आणि वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र यायचं. चुकून त्याला बोट लागलं तर बाई दुसऱ्यांदा जायची. मी ऐकणंच सोडलेलं.

परागला सांगितलं. हसला नाही. वैद्याने नाडी धरावी तसं माझं बोट धरून काचेवर टेकवलं, बघत बसला. मग फोनभर एकच पिवळं बटण करून दिलं. "कितीही रेंगाळा काका, पुसलं जाणार नाही."

बोट टेकलं की पाण्यात हळद सुटावी तसा पिवळा रंग पसरतो. दुपारची खोली सगळी त्यात तरंगते. मग ती येते. "अहो, जेवलात का? भाजी झाकून ठेवलीय."

आता तो रोज संध्याकाळी बटण तपासायला येतो. बटणाला काही झालेलं नसतं. मी आत चहा टाकतो, बाहेर मंदा विचारते, जेवलात का. आणि हा हळूच म्हणतो, "नाही काकू."

परवा म्हणाला, तुमचीही बेल माझ्यासारखी करून देतो. मी नको म्हटलं. मंदा असताना दाराच्या भोकातून बघून सांगायची, समोरचा पोरगा आपल्या बेलपर्यंत बोट नेतो आणि परत फिरतो.

त्याला सरळ सांगितलं, आमची टेकल्याबरोबर वाजते तीच बरी. वाजली की जेवूनच जायचं.