अकरा बोटी, सगळ्या हजर

आमच्या कयाक क्लबाचा एकही माणूस गेल्या नऊ वर्षांत नदीवर मागे राहिलेला नाही, आणि याचं श्रेय माझं आहे. बढाई म्हणून सांगत नाही. नऊ वर्षं सेक्रेटरी मीच, नियम लिहिले तेही मीच. आता दुसऱ्या कोणाला श्रेय द्यायचं म्हटलं तरी द्यायचं कोणाला?

नियम दोन. पहिला असा की, दर टप्प्याला थांबून मोजणी करायची, पण बोटी मोजायच्या, माणसं नाही. माणसं मोजून मी थकलो होतो. एक झुडपामागे जातो, दुसरा फोटो काढायला खडकावर चढतो, आणि हेल्मेट घातल्यावर सगळी डोकी सारखीच दिसतात. काठावर ओढलेली बोट जागची हलत नाही आणि आमच्या बोटीत माणूस एकच मावतो. दुसरा नियम, सगळ्यात शेवटी सेक्रेटरीने यायचं, म्हणजे मागे कोणी राहायचा प्रश्नच नाही. या नियमांना कोणी नावं ठेवून दाखवावीत!

त्या रविवारी सहल होती आणि सहलीतच निवडणूक. आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, गुडघ्यांपायी पद सोडत होते. दुपारी ठीक एक वाजता, डबे खाऊन झाले की, नदीकाठीच हात वर करून मतदान. उमेदवार दोन. एक मी आणि दुसरे दाताचे डॉक्टर, ज्यांना क्लबात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. मतदार आम्ही दोघं धरून अकरा. पाच मतं त्यांची आणि सहा माझी, हे मी आदल्या आठवड्यातच फोन करकरून पक्कं केलं होतं. त्या सहांत एक बायको आणि एक मी स्वतः.

मला ते पद हवं होतं. उगाच आडपडदा कशाला ठेवू? मार्चमध्ये मी ऑफिसातून निवृत्त झालो. बत्तीस वर्षं ज्या टेबलावर बसलो तिथे आता एक मुलगी बसते, आणि अमकी फाइल कुठे आहे हे विचारायला तिने एकदासुद्धा फोन केलेला नाही. मी आपला रोज फोन चार्ज करून बसतो. मला विचारणारी आता एकच जागा उरली होती, ती म्हणजे हा क्लब.

तर जेवणाआधीचा शेवटचा रॅपिड. नदी तिथे अरुंद होते, पाणी खडकांवर आपटत, फेसाळत उतरतं आणि वळणापलीकडे वाळूपाशी जाऊन शांत होतं. दहा जण उतरले आणि वळणाआड गेले. राहिलो मी. पाणी ओळखीचं, म्हणून वल्हवता वल्हवता मी भाषणाची तालीम सुरू केली. 'मित्रहो' म्हणायला तोंड उघडलं आणि अर्धी नदी आत! ठसका लागला, वल्हं चुकलं, बोट उलटली. उलटलेली बोट कमरेच्या झटक्याने सरळ कशी करायची, हे नव्या सभासदांना मीच शिकवतो. पण ते तरणतलावात. इथे मी कसाबसा सुटून बाहेर आलो, दोनदा खडकावर आपटलो आणि काठावरच्या चिखलात जाऊन पडलो. बोटीला मात्र पुढच्याच लाटेने सरळ केलं आणि ती माझ्याशिवाय मोठ्या डौलात निघून गेली.

शिट्टी फुंकली. पाण्याच्या आवाजात ती मलाच ऐकू येईना. तरी मी निश्चिंत होतो. पाच मिनिटांत सगळे धावत येतील, बायको पुढे असेल, थोडीफार रडत असेल. नदीतून वाचलेल्या माणसाविरुद्ध मत द्यायला कोण धजणार? म्हणजे सहाची सात मतं होणार! पाच मिनिटं झाली, वीस झाली. मग कुठे डोक्यात उजेड पडला. खाली अकरा बोटी पोहोचल्या होत्या. मोजणी बरोबर होती. मला शोधायला न येणं हे नियमाला धरूनच होतं, आणि नियमाखाली सही माझी होती. खरं सांगतो, मला तिथे चिखलात बसून रडू आलं.

काठाने वाट नाही, म्हणून कडा चढून रस्त्यावर आलो. एक बूट नदीने ठेवून घेतला होता. कोंबड्या नेणाऱ्या एका गाडीवाल्याने दया येऊन शेजारी बसवलं आणि विचारलं, एकटेच आलात का नदीवर? मी म्हटलं, नाही, आम्ही अकरा जण आहोत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मागच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि गाडीचा वेग वाढवला.

वाळूवर पोहोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. मंडळी केळी खात होती. माझी बोट रांगेत, पाणी काढून, पुसून ठेवलेली. ते काम आमच्यातल्या बेकरीवाल्याने केलं होतं. बोट नीट काठाला लागलेली पाहून त्याला वाटलं, मी झुडपात गेलोय. हेडमास्तरांनी मला घड्याळ दाखवलं. एक म्हणजे एक, आणि बोटी त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. डॉक्टर तेवढे उठले आणि माझं सोललेलं कोपर बघू लागले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष, औषधाची पेटी इकडे आहे."

माझं कोपर त्यांच्याच हातात होतं.

"सहा विरुद्ध पाच," हेडमास्तर म्हणाले.

"सहावं कोणाचं?" मी विचारलं. सगळे नदीकडे बघायला लागले.

"तुमचंच," बायको टॉवेल घेऊन येत म्हणाली. "पाच-पाच झाली होती. सर म्हणाले, बोट हजर म्हणजे सभासद हजर, मत धरलंच पाहिजे. यजमानांचं तुम्ही सांगा."

"मग?"

"माझं मी तुम्हालाच दिलं हो. पण तुमचं तुमच्या मनासारखं नको का द्यायला? नऊ वर्षं जेवायला बसलात की म्हणता, हा क्लब म्हणजे डोक्याला ताप आहे, कोणीतरी सोडवा मला यातून. म्हटलं, सुटू देत बिचारे."

मी तिच्या चेहऱ्यावर खोटेपणा शोधला. सापडला असता तर भांडता तरी आलं असतं. पण ती मनापासून माझे केस पुसत होती. मी तिचे आभार मानले. दुसरं करणार काय? सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने माझं म्हणणं शब्दशः ऐकलं, ते त्या एकाच दिवशी.