तोंड इकडे कर गा

नथ्थूजीनं एकदा मिलमधल्या साहेबाची हनुवटी धरली होती. साहेब नवीन होता, कागदात डोकं घालून नथ्थूजीला काहीतरी रागावत होता. नथ्थूजीनं दोन बोटांनी त्याची हनुवटी पकडली, तोंड आपल्याकडे फिरवलं आणि म्हणाला, "तोंड इकडे करा साहेब. हां, आता बोला." साहेब काय बोलायचं तेच विसरला.

माझीही हनुवटी त्यानं किती वेळा धरली, हिशेब नाही. आम्ही दोघं एकाच खात्यात माग चालवायचो आणि महाल भागात एकाच गल्लीत राहायचो. मागांच्या खात्यात शेकडो माग एकदम चालतात, तिथं ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून आम्ही विणकर आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचो. समोरचा ओठ वाचायचा. शिव्यासुद्धा तशाच द्यायचो.

बाकीचे भोंगा झाला की माणसासारखे बोलायला लागायचे. नथ्थूजी नाही. तो बाहेरही तसाच. पानवाल्यासमोर उभा राहून नुसते ओठ हलवायचा. नव्या पानवाल्याला वाटलं, आपलेच कान गेले. बिचारा कानात तेल घालून आला. एका लग्नात मी पुरुषांच्या पंगतीत या टोकाला, नथ्थूजी त्या टोकाला. तिथून त्यानं नवरदेवाच्या बापाबद्दल मला इतकं काय काय सांगितलं की माझ्या नाकातून मठ्ठा आला. पंगतीत कोणाला एक अक्षर कळलं नाही.

पण तोंड समोर नसलं की नथ्थूजी दगड. मागून हाक मारा, तो चालतच राहायचा. लोक म्हणायचे, माजला आहे. मला ठाऊक होतं, मागांनी त्याचे कान खाल्ले होते. तो मात्र घरातही कबूल करायचा नाही. बहिरा म्हटलं तर मिल काढून टाकेल, ही एक भीती. आणि दुसरं म्हणजे, त्याला लाज वाटायची.

त्याची बायको फार आधीच वारली होती. एकच पोरगा, रमेश. त्याचं लग्न झालं, खापा गावची सुमन सून म्हणून आली. पोरगी चांगली वळणाची. सासऱ्यासमोर आली की पदर नाकाच्या खाली ओढून, तोंड झाकून बोलायची. त्या वेळी आमच्याकडे तशीच रीत होती. सासऱ्याला सून तोंड दाखवत नसे.

आता करा काय ते. गावभर "तोंड इकडे कर गा" म्हणणारा हा माणूस. पण सुनेला सासरा कसा म्हणेल, तोंड दाखव म्हणून? गल्लीनं त्याला जोड्यानं हाणला असता.

एक दिवस पाळी सुटल्यावर तो मला म्हणाला, "मारोती, पदर हलते त्याच्यावरून समजते का सूनबाई बोलून राहिली. काय बोलून राहिली ते कसं समजन?"

"मग तू काय करतो?"

"मान हलवतो. हो म्हणतो."

रोज हो म्हणायचा. वरण आणू का, हो. चहा ठेवू का, हो. पोरगी ताट वाढून ठेवायची तर हा मिलमधूनच जेवून आलेला. आमची रातपाळी असली की दिवसा घरात दोघंच, सासरा आणि सून, आणि बोलणं हे असं. सुमनला वाटलं, म्हातारा आपल्याला माणसांत धरत नाही. एक दिवस धीर करून तिनं विचारलं, "मामाजी, मी तुमाले या घरात नको आहे का?"

नथ्थूजी हसून म्हणाला, "हो हो. बराबर."

तिनं पेटी भरली. माझी बायको कौसल्या नळावर पाणी भरायला गेली तर ही तिथं उभी, डोळे सुजलेले, खाप्याची गाडी किती वाजता म्हणून विचारते. बायकोनं सगळं काढून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाली, "चाला माझ्यासंग. तुमचा दोस्त घर मोडून राहिला."

आम्ही गेलो. रमेश ड्युटीवर होता. नथ्थूजी खाटेवर, सुमन दाराशी पेटी घेऊन, पदर तसाच ओढलेला. बायको नथ्थूजीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, त्याला ओठ दिसतील अशी. "भाऊजी, सून चालली. परत नाही येणार. थांबवायची असन तर तुमीच सांगा, दुसरा कोणी सांगणार नाही."

त्यानं पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहून आवाज न काढता ओठ हलवले, तू सांग. मी सांगायला तयारच होतो, पण बायकोनं मला कोपर मारलं.

मग तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "बेटा, मले ऐकू येत नाही. तोंड पाहिल्याशिवाय मले काहीच समजत नाही."

सुमननं बायकोकडे पाहिलं. पोरीनं पेटी खाली ठेवली आणि पदर मागं सारला. लग्नाला वर्ष उलटून गेलं होतं, सासऱ्यानं सुनेचं तोंड पहिल्यांदा पाहिलं.

ती म्हणाली, "मग हो काहून म्हटलं?"

"नाही म्हटलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं."

सुमन रडता रडता हसली. पेटी आत गेली. गल्लीतल्या बाया मात्र दोन-चार महिने कुजबुजत होत्या की नथ्थूजीची सून उघड्या तोंडानं सासऱ्याशी बोलते. माझी बायको एकेकीच्या दारात जाऊन भांडली. मग ते बंद झालं.

या हिवाळ्यात माझी बायको गेली. लोक आले, बसले, बोलले, गेले. नथ्थूजी अजूनही दुपारी येतो. दोघंही मिलमधून सुटलो आहोत, काम नाही. पाठीला पाठ लागेल इतकी छोटी ओसरी, तरी तो समोरच बसतो. बहुतेक वेळा आम्ही काही बोलत नाही.

परवा सुमन आमच्यासाठी चहा आणून, दोन शब्द बोलून गेली. नथ्थूजी तिच्या मागं पाहत राहिला. मग मला म्हणाला, "मारोती, तिचं सारं बोलणं मले समजते. पण आवाज कसा आहे गा तिचा?"

आवाज सांगायचा कसा? नथ्थूजीचे कान धड होते तेव्हा माझी बायको या घरात नवीन आली होती, चुलीपासून हाक मारली तर कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जायची. त्याची बायको माझ्यापुढे कधी बोलली नाही, म्हणून तेवढाच बाईमाणसाचा आवाज आम्हा दोघांच्या ओळखीचा.

"कौसल्यासारखा आहे," मी म्हटलं.

त्यानं माझे ओठ नीट पाहिले. थोडा वेळ तसाच बसला, जणू ऐकतच होता. मग हसला.

"म्हणजे भांडखोर."

"हो," मी म्हटलं. "लय भांडायची."