तात्यासाहेब गवा यांच्या गौरवार्थ

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. मागच्यांनी एकमेकांच्या शेपट्या ओढू नका.

एका जंगलात, तुमच्या-आमच्या गावापासून चांगलं लांब, एका पठारावर एक निवासी शाळा होती. सरकारशी तिचा काही संबंध नव्हता. चालायची ती देणग्यांवर. दूरदूरची पिल्लं तिथं राहून शिकत. मुख्याध्यापिका होत्या साळिंदरबाई. स्वभावानं गरीब, पण अंगभर काटे असल्यामुळे ते कुणाच्या चटकन लक्षात येत नसे.

देणग्यांना तोटा नव्हता. वर्गात चार पंखे होते. पंख्याच्या पहिल्या पात्यावर दात्याचे आजोबा, दुसऱ्यावर आजी, तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. जंगलात वीज नव्हती, म्हणून पंखे फिरत नसत. ते एका परीनं बरंच होतं. नावं वाचता यायची.

शाळेच्या तोंडाशी एक कमान होती. ती भाऊसाहेब हत्तींनी दिलेली. तिच्यापुढं दहा पावलांवर दुसरी कमान, हातभर जास्त उंच. ती तात्यासाहेब गव्यांनी दिलेली. कुंपण मात्र कुठंच नव्हतं. बिबट्यानंसुद्धा धावण्याच्या शर्यतीसाठी फिरती ढाल दिली होती.

नव्हता तो फक्त संडास.

पिल्लं मागच्या करवंदीच्या जाळीत जायची. जाळीपलीकडं बिबट्याचं घर. मागच्याच महिन्यात वानराचं एक पोरगं जाऊन आलं, ते अर्धी शेपटी तिथंच ठेवून. तेव्हापासून भेकराची लेक शेवंती पाणीच पिईना. प्यायलंच नाही तर जावं लागणार नाही, असं तिचं गणित. एका सकाळी प्रार्थना चालू असताना ती उभ्या उभ्या कोसळली.

साळिंदरबाईंनी तिच्या तोंडावर पाणी मारलं, तिला सावलीत निजवलं आणि तडक भाऊसाहेब हत्तींचं घर गाठलं.

"या बाई, या!" भाऊसाहेब उसाची मोळी सोडून बसले होते. "काय बांधायचं या वर्षी? सभागृह? आमच्या आईचं नाव देऊ. तसबीर तयार आहे."

"संडास बांधायचाय, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांच्या सोंडेतला ऊस खाली पडला.

"बाई! आमच्या आईचं नाव संडासावर?"

"मग तुमचं देऊ."

"म्हणजे त्या गव्याला आयतंच मिळालं!"

इथं तुम्हाला सांगायला हवं. जंगलात एक पाणवठा सोसायटी होती. तिचं चेअरमनपद एकदा भाऊसाहेबांकडं जायचं, एकदा तात्यासाहेबांकडं. नऊ वर्षं दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पाणी प्यायला एका वेळी आले तर पाठ करून प्यायचे.

"पोरगी पाण्यावाचून पडली, भाऊसाहेब," बाई म्हणाल्या.

"अरेरे! मग फिल्टर देतो की. स्टीलचा. त्यावर नाव झकास दिसतं."

साळिंदरबाईंचे काटे उभे राहिले. पण देणगीदारासमोर काटे उभे करायचे नसतात. त्यांनी ते हातानं चापून बसवले आणि त्या निघाल्या.

"रागावू नका हो," भाऊसाहेब मागून म्हणाले. "तसं बघितलं तर संडासाला त्या गव्याचंच नाव शोभेल. काय?" आणि स्वतःच खो खो हसले.

बाई दारातच थांबल्या.

"चालेल," त्या म्हणाल्या.

"काय चालेल?"

"नाव त्यांचं, देणगी तुमची. पाटीवर लिहू, 'तात्यासाहेब गवा यांच्या गौरवार्थ'. खाली बारीक अक्षरात, 'एका स्नेह्याकडून'. गौरव करायला कुणाची परवानगी लागत नाही."

भाऊसाहेबांनी ती पाटी मनातल्या मनात एकदा वाचून बघितली. मग त्यांचं पोट हलू लागलं. मग घर हलू लागलं.

"किती खोल्या हव्यात?"

"चार पुरतील."

"आठ बांधा! वर टाकी बसवा. आणि अक्षरं एवढी मोठी काढा की पाणवठ्यावरून दिसली पाहिजेत!"

पंधरा दिवसांत संडास उभा राहिला. सोळाव्या दिवशी तात्यासाहेब गवा आले. कमानीतून येण्याइतका दम त्यांना नव्हता. आडवेच घुसले, धुरळा उडवत.

"बाई! कुणी केलं हे?"

"एका स्नेह्यानं."

"स्नेही! तो सोंडेवाला! काढा ती पाटी!"

"काढता येत नाही, तात्यासाहेब. दात्यानं दिलेली पाटी कधीही काढू नये, असा समितीचा ठराव आहे. तुमच्या कमानीच्या वेळचा. सूचक तुम्हीच होता."

तात्यासाहेब फुसफुसले. खुरानं जमीन उकरायला लागले. बाईंनी त्यांना उकरू दिलं. जागा साधारण बरोबर होती.

खड्डा कमरेएवढा झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "हा मुलांचा झाला. मुली अजून जाळीतच जातात. त्यांच्या संडासाला अजून कुणाचं नाव नाही."

तात्यासाहेबांचा खूर अधांतरी राहिला.

"त्या बाजूला," त्यांनी विचारलं, "पाटी केवढी बसेल?"

मुलींचा संडास दहा खोल्यांचा झाला. खाली फरशी, हात धुवायला तोटी, भिंतीला आरसा. दारावर 'भाऊसाहेब हत्ती यांच्या गौरवार्थ', निळ्यावर पिवळं. त्या दुपारी शेवंती जेवताना दोन तांबे पाणी प्यायली आणि तिसरा मागितला. साळिंदरबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांचे काटे न चापता खाली बसले.

गोष्ट खरं तर इथंच संपायची. पण मधे स्नेहसंमेलन आलं. पहिल्या रांगेत एका टोकाला भाऊसाहेब, दुसऱ्या टोकाला तात्यासाहेब, मधे सहा खुर्च्या रिकाम्या. प्रमुख पाहुणे होते माळढोक. त्यांना आतलं काही माहीत नव्हतं. भाषण संपवताना त्यांनी विचारलं, "बाळांनो, कोणत्या दात्याची तुम्हाला रोज आठवण येते?"

"तात्यासाहेब!" मुलगे ओरडले.

"भाऊसाहेब!" मुली ओरडल्या.

"सकाळी तर फारच!" मागून कुणीतरी भर घातली.

तुम्हाला वाटलं असेल, दोघांनी माना खाली घातल्या. छे! दोघंही ताठ झाले. इतक्या मनापासून त्यांचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं. निवडणुकीतसुद्धा नाही.

कार्यक्रम संपताच भाऊसाहेबांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, शाळेत मुलगे जास्त की मुली?"

"मुलगे. दुपटीनं."

"म्हणजे त्या गव्याचं नाव दुप्पट पोरं घेतात?"

"दिवसातून दोन-तीनदा तरी."

भाऊसाहेबांचे कान फडफडले. "हे चालायचं नाही. माझ्या नावाचा आणखी एक बांधा. मुलांसाठी. रस्त्याच्या बाजूला."

"बांधू की. देणगी देता?"

"मी?" भाऊसाहेबांनी सोंड छातीवर ठेवली. "माझा गौरव मीच कसा करू? बरं दिसतं का ते? त्या गव्याकडून घ्या!"

साळिंदरबाई तात्यासाहेबांच्या खुर्चीकडं वळल्या. खुर्ची रिकामी होती. तात्यासाहेब तेच सांगायला त्यांच्याकडं येत होते.

तात्पर्य: पुस्तकात लिहिलेलं असतं की दान प्रेमापोटी करावं. तुम्ही ते परीक्षेत तसंच लिहा, मार्क मिळतील. पण पुढं कधी शाळा काढलीत, तर ती अशा ठिकाणी काढा जिथं दोन श्रीमंत एकमेकांचं तोंड बघत नाहीत. आणि त्यांच्यात समेट घडवायला कुणी सज्जन आलाच, तर त्याला चहा पाजून आल्या पावली परत पाठवा.