हायड्रेंजियाचं बेणं

बागकामात अवघड काय आहे हो? पाणी घालायचं, खत टाकायचं आणि झाडाच्या वाटेतून बाजूला व्हायचं! आमच्या साताऱ्याच्या घराच्या पायरीवर उभं राहून मी हे बायकोला ठणकावून सांगितलं. माया तेव्हा बहिणीच्या डोहाळजेवणासाठी सांगलीला निघाली होती.

"अहो, तीन वर्षांनी हायड्रेंजियाला पहिल्यांदा कळ्या आल्यात," ती म्हणाली. "परत येईन तेव्हा मला फुलं दिसली पाहिजेत. आजवर तुम्हाला एका झाडाला हात लावू दिला नाही. या वेळी विश्वास टाकतेय!"

पुढेही ती बरंच काही बोलली. मी 'हो, हो' म्हणालो. आत टीव्हीवर मॅच चालू होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो तर काय! सकाळी ताठ उभं असलेलं झाड पार लोळागोळा झालं होतं! पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी घाईघाईनं रहिमतपूरला सासऱ्यांना फोन लावला. सासरे म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आणि आता पट्टीचे ऊस बागायतदार!

"मामा, मायाचं झाड मरतंय हो!"

"घाबरू नगा, विश्वजितराव! मी हाय न्हवं? आलोच!"

"मला ऑफिसला जावं लागतंय. किल्ली शेजारी मंगलकाकूंकडं ठेवतो. तुम्हाला योग्य वाटेल ते करा!"

हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडातून का गेलं, देव जाणे!

संध्याकाळी फाटक उघडलं, तर झाड नव्हतं! झाडाच्या जागी जमिनीलगत छाटलेली बुडखी आणि त्यावर पाचोळा! पुढची हिरवळही नव्हती! अख्खं अंगण खणून त्यात सरळ रेषेत सऱ्या पाडलेल्या! आणि मधोमध सासरे कोयता पुसत उभे!

"मामा! हे काय केलंत?"

"खोडवा राखलाय! ऊस तुटला की बुडखं असंच छाटत्यात. मग फुटवं कसं येत्यात ते बघा!"

"आणि या सऱ्या?"

"बेणं वाया घालवायचं व्हय? दोन-दोन डोळ्यांची टिपरी तोडून लावली की समदी! लय झकास बेणं निघालं!"

"मामा... कळ्या?"

"त्यो तुरा व्हय? तुरा आल्याला ऊस कवा कामाचा असतोय का? दिला मोडून!"

तेवढ्यात कुंपणावरून मंगलकाकू ओरडल्या, "अगं बाई! अहो, ते झाड रोजच दुपारी मान टाकतं आणि ऊन उतरलं की उठून बसतं! मायानं सांगितलं नाही तुम्हाला?"

सांगितलं असणार हो! मॅच चालू होती ना!

आणि नेमका मायाचा व्हिडिओ कॉल! मी फोन खिशात कोंबेपर्यंत सासऱ्यांनी तो काढून घेतला.

"माये, बघ गं! तुज्या झाडाचा मळा केला!"

फोन एकेका सरीवरून फिरला. सांगलीतून अशी किंकाळी आली की अंगणातले कावळे उडाले!

"आबा! तुम्ही केलंत हे?"

"मग! जावईबापूच म्हनलं, योग्य वाटंल ते करा!"

मग मायाचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे, आबा. एवढ्या उन्हात आलात. आता जेवूनच जा." मी हुश्श केलं. तोच ती म्हणाली, "ह्यांना द्या बरं फोन."

पुढचं छापण्यासारखं नाही.

परत आल्यावर माया त्या बुडख्यांपाशी बसून रडली. मला खरोखर फार वाईट वाटलं. निदान एक सरी तरी मी जगवून दाखवतो म्हणून मी तिच्या मागेच लागलो. बऱ्याच विनवण्यांनंतर कुंपणाकडची सरी मला मिळाली. सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी, मूठभर खत! पोटच्या पोरासाठी केलं नसतं एवढं केलं.

दसऱ्याला सासरे आले. टिपरी फुटून अंगण हिरवंगार झालं होतं. माया हरखून एकेक रोप दाखवत होती. सासरे मिशीवर हात फिरवत कुंपणापर्यंत गेले आणि थबकले.

"माये, ही सरी मोकळीच की गं! हितं बेणं लावायचं इसरलो का काय मी?"

"नाही, आबा," माया म्हणाली. "तिथं लावलं होतंत. ती ह्यांच्याकडं होती."