खुर्ची, छत्री आणि सुरी एकाच घरात

नव्या उपाहारगृहाच्या उद्घाटनाला पाहुणे पलंगांवर ओळीने बसून सूप प्यायले. पण ते सोडा. तसं काही झालंच नव्हतं, असं गोदामातल्या प्रोफेसरचं आजही म्हणणं आहे.

'प्रोफेसर' हे हमालांनी ठेवलेलं नाव. पोरगा गोदाम सांभाळायचा, आणि हंगामी होता. मालकांनी बजावलं होतं, "माल पुरवणाऱ्या चिनी बाई गोदाम बघायला येतायत. त्या खूश झाल्या तर तू कायम. नाहीतर राम राम!"

प्रोफेसरने चिनी शिकायला घेतलं आणि मोजशब्दांपाशी येऊन हरखला. त्या भाषेत नुसतं 'तीन खुर्च्या' चालत नाही, आकड्यापुढे वस्तूच्या जातीचा शब्द लागतो. मुठीत धरायच्या वस्तूंना 'बा', पसरट वस्तूंना 'चांग', लांबुळक्यांना 'त्याओ'. म्हणजे खुर्ची, छत्री, सुरी सगळ्या 'बा'! टेबल, पलंग, कागद सगळे 'चांग'! दोरी आणि पँट दोन्ही 'त्याओ'! एवढा मोठा देश माल असाच मांडत असणार, याविषयी त्याला शंका उरली नाही. "बाई दारातच गहिवरतील!" म्हणत त्याने अख्खं गोदाम हलवलं आणि रांगांवर पाट्या लावल्या.

सकाळी हमालमामा आले आणि उंबऱ्यातच थिजले.

"प्रोफेसर, खुर्च्या कुठायत?"

"छत्र्यांच्या पलीकडे, सुऱ्यांच्या अलीकडे."

"का रे बाबा?"

"तिन्ही मुठीत धरतात, मामा. खुर्चीची पाठ धरूनच उचलता ना?"

"मी पाय धरून उचलतो."

"ते तुमचं अज्ञान."

"आणि दोऱ्या?"

"पँटींच्या मांडीला मांडी लावून."

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे, उपाहारगृहाचा ट्रक उभाय! खोकी सगळी सारखीच, मी रांगेवरनं ओळखतो. टेबलं-खुर्च्या कुठनं उचलू?"

तेवढ्यात बाईंची गाडी फाटकात शिरली. "'चांग'मधून आणि 'बा'मधून!" असं ओरडत प्रोफेसर पळाला.

मामा आज्ञाधारक. दोन्ही रांगांतलं पुढचं पुढचं उचलत गेले. ट्रक पलंगांनी आणि छत्र्यांनी गच्च भरून निघाला.

इकडे बाई मालकांबरोबर पाट्या वाचत सावकाश चालल्या होत्या. एका जागी थांबून त्यांनी विचारलं, "टेबलं खुर्च्यांपासून इतकी लांब का?"

"तुमच्याकडे अशीच ठेवतात ना?" प्रोफेसरने अभिमानाने विचारलं.

"आमच्याकडे टेबलाजवळ खुर्ची ठेवतात," बाई म्हणाल्या. "बसायला."

मालकांचा फोन वाजला. उपाहारगृहवाल्याचा आवाज चार रांगा पलीकडे पोचला, "पाहुणे आलेत आणि मी छत्र्या वाटतोय!"

मालकांनी फोन खिशात टाकला आणि गोदामाच्या किल्लीसाठी हात पुढे केला.

"किल्लीसुद्धा 'बा'च, मालक," प्रोफेसर म्हणाला.

हात तसाच पुढे राहिला. प्रोफेसरने किल्ली दिली, घसा खाकरला आणि ताठ उभा राहिला.

"मालक, सदर गोदामातील खुर्च्या, छत्र्या व सुऱ्या हे एकच कुटुंब असल्याकारणाने त्यांची ताटातूट करण्यात येऊ नये, आणि त्यांच्या पालनपोषणार्थ अर्जदारास तातडीने कायम करण्यात यावे, ही नम्र विनंती!"