कमल मगदूम, मुक्काम पोस्ट चिली

सुनेच्या फायलीत एक कागद कमी पडू नये, म्हणून कल्लाप्पा मगदूम यांनी आपल्या मनानं एक कागद जास्त घातला. सगळं तिथून सुरू झालं.

सून चिली देशातली, नाव कामिला. कल्लाप्पांचा मुलगा सन्मती द्राक्षाचं शिक्षण घ्यायला तिकडं गेला आणि येताना द्राक्षाच्या काड्यांबरोबर बायकोही ठरवून आला. लग्न झालं, नोंदणी झाली, दोन वर्षांत कामिला सांगलीकडचं मराठी फाडफाड बोलायला लागली. आता तिचा व्हिसा महिन्याभरात संपत होता आणि पुढं राहण्याचा परवाना काढायचा होता. सन्मतीनं कागद नीट लावले होते. पण मुलानं केलेलं काम एकदा बापानं तपासल्याशिवाय पुरं होत नाही, असं कल्लाप्पांचं मत. (मुलाचं मत कधी कुणी विचारलं नव्हतं.)

ते ग्रामपंचायतीत गेले आणि रहिवासी दाखला मागितला.

"सुनेचं नाव सांगा आप्पा," ग्रामसेवक म्हणाले.

"कमल."

यात त्यांचा तसा दोष नव्हता. 'कामिला' म्हणताना त्यांची जीभ मध्येच बसायची, म्हणून लग्नाच्या मांडवापासून ते तिला कमलच म्हणत आले होते, आणि त्यांच्यामागं सगळं गाव. दाखला मिळाला: सौ. कमल सन्मती मगदूम, कायम रहिवासी. कल्लाप्पांनी तो गुपचूप फायलीत सरकवला आणि फाईल सांगलीला गेली.

पंधरा दिवसांनी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, हवालदार नानासो चौकशीला आले. सन्मती बागेचं औषध आणायला सांगलीला गेलेला, बायको राजमती बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला. घरात एकटे कल्लाप्पा.

"काका, तुमाला सुना किती?"

"एकच की."

"मग फायलीत दोन नावं कशी? पासपोर्टवर कामिला, दाखल्यावर कमल."

खोटा दाखला दिला म्हणून सुनेला विमानात बसवतील आणि आपल्याला गाडीत, असं कल्लाप्पांना स्पष्ट दिसलं. खरं सांगितलं असतं तर दोन मिनिटांत निभावलं असतं. पण घाबरलेल्या माणसाला खरं सगळ्यात शेवटी सुचतं.

"कमल येगळी, कामिला येगळी," ते बोलून गेले.

हवालदारांनी पेन थांबवलं. "म्हंजे पोराची दोन लग्नं झाल्यात?"

"न्हाई न्हाई. लग्न एकच."

"मग दुसरी कोण?"

"ती बी... घरचीच हाय."

हवालदारांनी एक लांब श्वास घेतला आणि वहीचं नवं पान काढलं. "दोघींस्नी बोलवा."

"बागेत हायत."

बागेत द्राक्षाच्या घडातले जादा मणी कापायची विरळणी चालू होती. बारा बायका, सगळ्यांच्या अंगात नवऱ्याचे जुने शर्ट, तोंडाला स्कार्फ, हातात कात्री. कोण कुणाची, हे देवालाही वरून कळलं नसतं.

"कमल मगदूम कोण?" हवालदारांनी विचारलं.

एक हात वर झाला.

"बरं. आणि कामिला कोण?"

तोच हात परत वर झाला.

"आवं बाई, एकीनं एकदाच हात वर करायचा," हवालदार म्हणाले.

कामिलानं स्कार्फ सोडला. उन्हानं रापलेला चेहरा, कपाळाला टिकली. "सायब, दोनी मीच हाय. मामास्नी कामिला म्हणाय येत न्हाई, म्हणून मी कमल झाले. मला काय, हाक मारली की जेवाय मिळतंय."

बायका हसल्या. हवालदार हसले नाहीत. "तुमी तर आमच्या फलटणच्या मावशीगत बोलताय. मला परदेशी बाई बघायची हाय. पासपोर्टवर आखूड केसांची मडम दिसतीया."

कल्लाप्पांना आता आपण काय करून ठेवलंय ते नीट कळलं. पोरगी इथली वाटत होती, म्हणून इथं राहायची पंचाईत झाली होती. त्यांनी टोपी काढली.

"सायब, मी खोटं बोललो. दाखला मीच घातला. हिच्या डोक्यावर काय घालू नका. ही गेली तर माझं घर बसंल." कामिला त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं खिशातून फोन काढला.

चिलीत तेव्हा सकाळ होती. पडद्यावर तिची आई आली, हातात चहाचा कप. मायलेकी अशा वेगानं बोलायला लागल्या की बाकीच्या अकराही कात्र्या थांबल्या. त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही, आणि हाच पुरावा पक्का ठरला. मग कामिलानं फोन हवालदारांपुढं धरला. आईनं त्यांना नीट न्याहाळलं आणि लेकीनं शिकवलेलं एकुलतं एक मराठी वाक्य म्हटलं, "जेवला का?"

नानासो पाघळले. "व्हय, जेवलो आई," ते म्हणाले आणि बांधावर बसून वही मांडीवर घेतली. कमल आणि कामिला एकच, असा जबाब कल्लाप्पांनी दिला. खाली बारा बायकांनी साक्षीला सह्या केल्या. (एक सही कामिलाचीही होती. ती हवालदारांनी खोडली.)

दहा दिवसांत परवाना आला. कल्लाप्पांनी गावभर पेढे वाटले, आणि प्रत्येक दारात 'का-मि-ला' असं तीन तुकड्यांत का होईना, म्हणून दाखवलं. बस्तीत लोकांनी त्यांचा हात हातात घेतला. महिनाभर ते गावात असे चालले, जणू चिली त्यांनीच जिंकून आणली होती.

मग ते सुनेला घेऊन आधार कार्ड काढायला गेले. कामिलाचे दहाही ठसे पहिल्या फटक्यात उमटले. "आप्पा, तुमचं बी जुनं झालंय, करून टाकू," केंद्रावरचा माणूस म्हणाला. कल्लाप्पांनी ऐटीत अंगठा ठेवला. मग दुसरा ठेवला. मग सगळी बोटं पुसून ठेवली. पन्नास वर्षं शेतात घासलेल्या बोटांवर मशीनला एक रेघ सापडेना.

"घरातलं कोण हाय का, कागद बरोबर असलेलं?" त्या माणसानं विचारलं. "साक्षीला सही लागंल."

कामिलानं पेन घेतलं.

घरी आल्यावर राजमतीनं विचारलं, "झालं का काम?"

"सुनेचं झालं," कल्लाप्पा चप्पल काढत म्हणाले. "माझं बघूया म्हणालेत."