पन्नालालकाकांचा एकच पत्ता

आमच्या शेलूबाजारात पन्नालालकाकांच्या दुकानात ब्लाउजपीस घ्यायला गेलात, तर कापड नंतर मिळतं, आधी भविष्य मिळतं. काका गल्ल्यावरच्या काचेखालून एक पत्ता काढतात, पालथा करून तुमच्यापुढे धरतात आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "काढ. कोनताबी काढ."

पत्ता एकच असतो.

तो टॅरोचा पत्ता आहे. निळा सदरा आणि लाल विजार घातलेला एक माणूस त्यावर एका पायानं झाडाला उलटा टांगलेला आहे. काकांची नात निधी पुण्याहून सुट्टीला आली होती, तेव्हा तिनं दुकानाच्या गादीवर पत्ते मांडून निम्म्या बाजाराचं भविष्य सांगितलं. ती परत गेली आणि हा एक पत्ता कापडाच्या ताग्याखाली राहिला.

काकांना तो सापडला तेव्हा त्यांनी तो खालची बाजू वर करून धरला. त्यामुळे माणूस एका पायावर नाचताना दिसला. डोक्यामागे पिवळं तेजोवलय, चेहरा शांत. कुणीतरी संतमहात्मा असणार, असं समजून काकांनी त्याला आठवडाभर उदबत्ती ओवाळली. मग व्हिडिओ कॉलवर निधी किंचाळली, "आजोबा, उलटा ठेवलाय तुम्ही! तो टांगलेला आहे!"

"घ्या!" काका आजही सांगतात. "मी ज्याले उदबत्ती लावून राह्यलो, थो निंगाला लटकेल!"

पण निधीनं फोनवर त्यांना अर्थ समजावला आणि तेव्हापासून काकांना दुसरं काही सुचेना. याला शिक्षा झालेली नाही, हा आपणहून थांबला आहे, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पटवतात. "एकच पाय बांधेल हाय, पाह्य. दुसरा मोकळा. पन धडपड करते काय? नाई. अन् लाकडाले पालवी फुटेल हाय, मंजे झाड जित्तं हाय. उलटं लटकून दुनिया पाहून राह्यला थो. आपल्याले सरळ उभं राहून दिसत नाई, थे त्याले दिसते." एवढं झाल्यावर दुकानदार जागा होतो. "विजारीचं कापड बी चांगलं हाय. इतका लटकला, पन चुनी नाई पडली."

सगळ्यांना सल्लाही एकच: थांब. मेडशीच्या एका शेतकऱ्यानं सोयाबीन विकू का विचारलं, तर थांब. भावाशी भांडून कोर्टात निघालेल्याला थांब. एकाला किन्हीराजा गावाला जायची घाई होती, त्यालाही थांब म्हणून चहा पाजला आणि त्याची जीप गेली. तो तासभर काकांच्या नावानं खडे फोडत होता. काकांनी त्याला आणखी एक चहा पाजला.

मीही हसायचे. मग आमच्या लेकीवर, रेवतीवर वेळ आली.

डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेत ती दुसऱ्यांदा मागे पडली. खोलीतून बाहेर येईना, धड जेवेना. आम्ही नवरा-बायको घायकुतीला आलो होतो. जिथे मिळेल तिथे प्रवेश घेऊन टाकू, वर्ष वाया नको. ओढूनताणून तिला एकदा बाजारात नेलं, तर काकांनी पत्ता पुढे केला. "काढ पोरी. कोनताबी काढ."

"काका, पत्ता तर एकच हाय!" रेवती म्हणाली आणि हसली. कित्येक महिन्यांनी हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी ब्लाउजपीस निरखण्याच्या मिषानं लपवलं.

"लटकला मंजे गेला नाई," काका तिला म्हणाले. "थांबला. तू बी थांब. अन् दुपारची दुकानात येत जा. मले लेबलं दिसत नाईत."

ती जायला लागली. महिन्याभरात तिनं शोधून काढलं की काकांना दिसत नाही, कारण ते काकूंचा जुना चष्मा लावतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. "तिच्या नजरेनं पाह्यतो," असं काका म्हणाले खरे, पण त्या नजरेनं त्यांनी कितीजणींना मोरपंखी म्हणून हिरवं कापड दिलं होतं! रेवती त्यांना वाशिमला नेऊन नवा चष्मा करून आली आणि त्या चष्म्याच्या दुकानात तिला डोळे तपासायचं जे वेड लागलं, त्याचंच शिक्षण घ्यायला या जूनमध्ये ती पुण्याला निघाली. माझी पोर मला परत मिळाली. त्या उलट्या माणसाचे आणि या सरळ माणसाचे उपकार मी कधी विसरणार नाही.

निघण्याआधी आम्ही दोघी दुकानात गेलो. मला वाटलं, उपकाराची थोडी तरी फेड करावी. म्हटलं, "काका, निधीचा हा पत्ता द्या. पुण्यालेच चाल्लो, तिले नेऊन देतो. या एका पत्त्यापायी तिचा सगळा जोड अडला असंन."

काकांचा हात काचेवर आला. "राहू दे."

"अवो, पन..."

"अडू दे ना वं." त्यांनी घडी केलेल्या कापडाची पुन्हा घडी केली. मग हळूच म्हणाले, "दर सुट्टीले फोनवर मनते, आजोबा, पत्ता सांभाळा, घ्यायला येते. तू नेऊन देल्ला, तं थे कायले येईन शेलूबाजारले?"

रेवतीनं पत्ता काचेखालून काढला, पालथा केला आणि काकांपुढे धरला. "काढा काका. कोनताबी काढा."

इतक्या दिवसांत काकांपुढे तो कुणीच धरला नव्हता. त्यांनी काढला. पहिल्यांदाच पाहत असावेत तसे पाहत राहिले.

"लटकला मंजे गेला नाई," रेवती म्हणाली.

"थांबला," काका म्हणाले. नवा चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अन् तू? तू येशीन ना सुट्टीले?"

रेवतीनं मान हलवली.

जीप सुटायच्या वेळी माझ्या ध्यानात आलं. "अगं, तुई नवी छत्री दुकानातच राह्यली! पुण्यात पाऊस सुरू झाला असंन."

"राहू दे, आई," रेवती म्हणाली. "घ्यायले येईन ना."